रंगाआधीचे दिवस

दसऱ्याचे सोने वाटून होते न होते, तोच आमच्या कोल्हापुरात घरोघरी झाडलोट सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, गाद्या गच्चीवर चढतात आणि कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हमखास म्हणते, "बाकी सगळे ठीक आहे हो, पण ही कपाटे आता काढून टाकायला झाली!" बिचाऱ्या कपाटांचा अपराध एवढाच, की वीस-पंचवीस दिवाळ्या ती फोडणीच्या धुरात मुकाट उभी राहिलेली असतात. उन्हातान्हात राबून माणसाचा रंग रापला म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढीत नाही. कपाटाच्या बाबतीत मात्र आपला न्याय फार झटपट असतो.

जुनी कपाटे रंगवून घ्यावीत की मोडून नवी करावीत, हा प्रश्न या सदराला नवा नाही. एका शब्दात त्याचे उत्तर कोणी देऊ लागले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नवी कपाटे विकणारा "मोडा" म्हणेल, रंगाचे डबे विकणारा "रंगवा" म्हणेल. उत्तर खुद्द कपाटापाशी असते. ते त्याला विचारण्याची रीत तेवढी ठाऊक हवी.

तेव्हा वाचकहो, प्रथम सगळे डबे बाहेर काढा. रिकाम्या कपाटाचे दार अर्धे उघडून हलकेच वर उचलून पाहा. बिजागरीचे स्क्रू लाकडाला घट्ट धरून आहेत की भोकात नुसते फिरताहेत, ते तेव्हाच कळते. मग खालच्या फळीची मागची कड पाहा. ओट्याचे पाणी झिरपून झिरपून तिथेच मुरते. त्या जागी टोच्या दाबून बघा. तो अडला तर लाकूड जिवंत आहे. लोण्यात सुरी शिरावी तसा आत गेला, तर तिथे पाण्याने किंवा वाळवीने आपले काम केलेले आहे, आणि त्यावर रंग लावणे म्हणजे मोडक्या खाटेवर रेशमी चादर घालणे होय.

दुसरे, कपाट कशाचे आहे ते पाहा. अस्सल सागवान असेल तर त्याला सहसा मरण नसते. त्याच्या अंगातले तेलच त्याचे रक्षण करते. प्लायवूड असेल तर ते कोणत्या प्रतीचे, हा प्रश्न येतो. भारतीय मानकांतील 303 क्रमांकाचे प्लायवूड घरातल्या सर्वसाधारण कामाचे. 710 क्रमांकाचे, ज्याला मरीन म्हणतात, ते पाण्यात टिकणाऱ्या चिकाने जोडलेले. आणि लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड असेल, तर त्याचे सारे आयुष्य वरच्या पातळ कातड्यावर अवलंबून असते. कड उघडी पडून पाणी आत गेले, की तो चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुगतो आणि पुन्हा कधी बसत नाही.

हा धडा आमच्या गावाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फुटांची. 2019 च्या ऑगस्टात नदी 55 फुटांच्या वर गेली आणि 2021 च्या जुलैत पुन्हा तीच गत झाली. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांतून रस्त्याच्या कडेला जे ढीग लागले, त्यांत फुगलेल्या बोर्डांची दारे आणि उसवलेले प्लाय मी डोळ्यांनी पाहिले. त्याच घरांतली कितीतरी जुनी सागवानी फडताळे मात्र चिखल धुऊन, सावलीत महिना-दीड महिना वाळवून पुन्हा जाग्यावर बसली. लाकूडही पाण्याने फुगते. पण उन्हात न टाकता धीराने वाळवले, तर बहुधा आपल्या मापावर येते. आज ती रंगवून उभी आहेत, आणि पुराची रेघ कुठवर आली होती ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

सांगाडा धड असेल, दारे वाकलेली नसतील आणि कपाटांची मांडणी तुमच्या कामाला सोयीची असेल, तर रंगवून घ्या. सांगाडा कुजला असेल किंवा मांडणीच गैरसोयीची असेल, तर बिनदिक्कत नवे करा. रंगाने फळी खोल होत नाही की कप्पा हाताला जवळ येत नाही. वरचा थर सनमायकाचा असेल तर तोही रंगवता येतो. पण आधी त्याची चकाकी घासून मारावी लागते आणि गुळगुळीत पृष्ठाला धरून राहणारा खास प्राइमर लावावा लागतो. तेवढे करूनही तो लाकडावरच्या रंगाइतका दणकट होत नाही, हे आधी समजून असावे.

आता आमच्या घरची हकिकत सांगते. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात ओट्याखाली आणि भिंतीत सागवानी कपाटे आहेत, आणि कोपऱ्यात एक जाळीचे कपाट. ही सासूबाईंच्या वेळची. गेल्या वर्षी दिवाळीत मुलाच्या सासरची मंडळी प्रथमच घरी येणार होती, आणि घरात नव्या ट्रॉल्यांचा विषय निघाला. एक कंत्राटदार येऊन मापे घेऊन गेला. मोठा गोड बोलणारा गृहस्थ. "दिवाळीच्या आत काम पुरे करून देतो," म्हणाला, आणि जाता जाता असेही म्हणाला, की "जुन्या लाकडाची काळजी नको, ते आम्हीच घेऊन जाऊ. त्याचा काही आकार लावणार नाही."

शेजारच्या काकी तिथेच बसल्या होत्या. कोल्हापुरातल्या बायका पुरुषांसारख्या बोलतात म्हणून पुण्याचे लोक आम्हाला हसतात. पण त्या बोलण्यातला रोखठोकपणा वेळेला उपयोगी पडतो. कंत्राटदार जिना उतरल्यावर काकी म्हणाल्या, "मी सांगतो तुला, त्यानं न्यायचा आकार लावला न्हाई, कारण न्यायचंच त्याला पायजे. सागवान हाय ते! जा टिंबर मार्केटात आणि भाव इचारून ये."

भाव विचारून आलो. मग त्या गोड बोलण्याचा अर्थ उलगडला. वाचकहो, जुनी कपाटे मोडायचे तुमचे ठरलेच, तरी लाकडाची किंमत आधी करवून घ्या आणि ती नव्या कामाच्या हिशेबातून वजा करायला सांगा. मोडीच्या भावाने जाणारे पुष्कळसे लाकूड मोडीचे नसते.

सासूबाई या सगळ्या चर्चेत एक शब्द बोलल्या नव्हत्या. रात्री ताटे मांडताना एवढेच म्हणाल्या, "रंगाऱ्याला एकदा दाखवा तरी."

रंगारी आले. सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ; उद्यमनगरात मोटारगाड्यांना रंग मारण्यात उमेद गेली, आता घरांची कामे घेतात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी दारे हलवून पाहिली, अंगठ्याच्या नखाने रंग खरवडला, बोट वासाला लावले आणि म्हणाले, "वैनी, लाकूड एक नंबर हाय. पर दिवाळीच्या आदी मी न्हाई करणार."

"का हो मामा? पंधरा दिवस आहेत की हाताशी."

"दिवाळीच्या आदी समदी रंग लावून मागत्यात. काम करून घ्यायचं असंल तर दिवाळी झाल्यावर बोलवा."

या एका वाक्यात रंगकामाचे सारे शास्त्र आहे, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र घरात चांगलाच वाद झाला. पाहुणे येणार आणि कपाटे ही अशी! शेवटी सासूबाईंनी चकल्यांचा सोऱ्या हातात घेत निकाल दिला: पाहुणे माणसांना भेटायला येताहेत, कपाटांना नव्हे. दिवाळी त्याच कपाटांवर झाली. पाहुण्यांनी करंज्यांचे कौतुक केले; कपाटांबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

मार्गशीर्षात मामा एक मदतनीस घेऊन आले. काम नऊ दिवस चालले. त्या नऊ दिवसांत रंगाचा डबा फक्त शेवटचे दोन दिवस उघडला! पहिले सात दिवस, वरवर पाहणाऱ्याला, काहीच होत नव्हते. शेजारीपाजारी विचारीत, "अजून रंग नाही लागला?" आणि मी ओशाळे हसू हसत असे. पण खरे काम त्या सात दिवसांतच होत होते.

पहिल्या दिवशी सगळी दारे उतरवली. प्रत्येक दाराच्या आतल्या कडेला आणि त्याच्या चौकटीला खडूने एकच आकडा घातला. बिजागऱ्या, मुठी, कड्या काढून स्क्रूंसह कागदाच्या पुड्यांत बांधल्या आणि त्यांच्यावरही तेच आकडे घातले. बिजागरीवरूनच ब्रश फिरवणारा रंगारी दिसला, तर तो पुढचे कामही तसेच करणार हे ओळखावे.

दुसरा दिवस धुण्याचा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून प्रत्येक दार पुसले आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा फडके फिरवले. फोडणीच्या तेलाचा जो अदृश्य थर वर्षानुवर्षे बसतो, तो राहिला तर त्यावर कसलाही महागडा रंग बसत नाही. तेलकट तव्यावर पाणी थांबत नाही तसा तो मागे सरतो. आणि हा थर तसाच ठेवून घासू लागले, तर काचपेपर तेच तेल लाकडात चोळतो. म्हणून आधी धुणे, मग घासणे. हा क्रम उलटला, की काम बिघडलेच.

मग घासणे. प्रथम जाड काचपेपर, 120 नंबरचा, पुढे 220, शेवटी त्याहून बारीक. मग खड्डे-चिरा लांबीने भरणे, ती वाळू देणे, पुन्हा घासणे. सागवानाला एक खोडही असते. त्याच्या अंगातले जे तेल त्याला वाळवीपासून वाचवते, तेच तेल रंगाला नीट वाळू देत नाही. म्हणून उघड्या पडलेल्या लाकडावरून आधी थिनरचे फडके फिरवायचे आणि लगेच प्राइमरचा हात द्यायचा. प्राइमर वाळला की पुन्हा बारीक घासणे आणि दुसरा हात.

दोन हातांमध्ये एक रात्र का जाऊ द्यायची, हे मामांनी मला स्वयंपाकघरातल्याच उदाहरणाने समजावले. तेलाचा रंग, ज्याला आपण इनॅमल म्हणतो, तो ओल्या कपड्यासारखा नुसता वाळत नाही. त्यातले थिनर उडून जाते हे खरे. पण उरलेला भाग हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. जवसाचे तेल हवेवर ठेवले की त्यावर पापुद्रा येतो, तोच हा प्रकार. थर जाड दिला, तर वरून साय धरते आणि खाली ओलेच राहते. मग पुढे सुरकुत्या पडतात आणि दारे चौकटीला चिकटतात. म्हणून पातळ हात, आणि मध्ये भरपूर वेळ. रंग हाताला कोरडा लागला तरी पुरता कठीण व्हायला पुढे काही आठवडे जातात. तोवर दारे आपटू नयेत, ओल्या फडक्याने घासू नयेत.

आता कळेल, की मामा दिवाळीआधी का येत नव्हते. पावसाळ्याची ओल लाकडातून पुरती गेलेली नसते, घरात फराळाच्या तळणाचा धूर असतो आणि गिऱ्हाइकाला घाई असते. घाईत पहिला बळी धुण्याचा जातो, दुसरा घासण्याचा. वरचा रंग मात्र दिवाळीत झकास दिसतो; संक्रांतीला पोपडे सुटतात, आणि दोष रंगाच्या कंपनीला लागतो!

काम उक्ते द्यावे की रोजावर, असेही पुष्कळजण विचारतात. उक्ते द्यायला हरकत नाही. पण पायऱ्या कागदावर लिहून घ्याव्यात. धुणे, घासणे, लांबी, प्राइमरचे हात, रंगाचे हात, असे एकेक कलम. "दोन हात रंग" एवढेच लिहिलेला अंदाज कितीही स्वस्त असला, तरी तो महागच पडतो. आमच्या बिलात मजुरी मोठी होती आणि सामानाचा आकडा त्या मानाने लहान. आणि ते तसेच असायला हवे, कारण आपण विकत घेतो ते मुख्यतः माणसाचे दिवस.

एक इशारा मात्र गांभीर्याने देते. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे सर्रास असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग तुमच्या कपाटावर असेल, तर त्यात शिसे असू शकते असे धरूनच चाला. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, दिवा लावून जाळू तर मुळीच नका. पाणी लावून पाणपेपरने घासा, तोंडाला फडके बांधा, खाली कागद अंथरून खरवड गोळा करा. लहान मुले आणि गरोदर बाई त्या दिवसांत त्या खोलीत नसावी. पीठ-मिठाचे डबे आधीच दुसऱ्या खोलीत हलवा. आमच्याकडे आठवडाभर स्वयंपाक मागच्या पडवीत झाला. थोडी सहल झाल्यासारखे वाटले.

रंग कोणता, यावर घरात जितकी मते तितके डबे. यात एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची आजी जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहरातली. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकर्तीने कामकरी कुटुंबांच्या घरांसाठी एक छोटे, आटोपशीर स्वयंपाकघर आखले. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. त्यांतली पुष्कळ कपाटे निळी रंगवली होती, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हाची समजूत! माश्यांचे काय झाले ते माश्या जाणोत. पण त्यांतली काही स्वयंपाकघरे आज संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. नव्याची जी मूळ प्रत, तीदेखील शेवटी जुनी म्हणूनच जपली गेली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या घरी पांढऱ्याला बहुमत होते. मामांनी समजावले, की पांढरे तेलरंग काळाने पिवळे पडतात, आणि उजेडापेक्षा अंधाऱ्या जागी अधिक लवकर. तेव्हा सुरुवातीपासूनच फिकट साय-रंग घ्या. पिवळा पडला तरी कोणाला कळणार नाही. पांढराच हवा असेल, तर पाण्यात मिसळणारे इनॅमल हल्ली मिळते. ते फारसे पिवळे पडत नाही आणि वासही कमी असतो. पण जुन्या तेलरंगावर ते देताना घासणे आणि प्राइमर यांत काडीचीही सूट नाही. आम्ही साय-रंग घेतला.

कपाटांच्या आत मामांनी रंग लावू दिला नाही. बंद जागेत तेलरंगाचा वास फार दिवस कोंडून राहतो आणि तो धान्याला लागतो. आत स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात पुरतो. तो लवकर वाळतो आणि वास उडून जातो. आत घासायला घेताना मामा थांबले आणि मला हाक मारली. मोठ्या दाराच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने लिहिलेले होते: गॅसची टाकी लावल्याच्या तारखा, दुधाचे खाडे, परटाचे कपडे. चाळीस वर्षांचा संसार, सासूबाईंच्या बारीक अक्षरात.

"ह्ये घासू का ठिवू, वैनी?"

मी सासूबाईंकडे पाहिले. "कशाला ठेवायचे ते? दुधाचे पैसे केव्हाच दिले," असे म्हणून त्या देवघरात निघून गेल्या. मामांनी तेवढी जागा सोडून बाकीचे घासले आणि अक्षरांवरून लाखेचा हात फिरवला. पेन्सिलीला लाख काही करीत नाही. उलट आता ते लिखाण पुसता यायचे नाही. सासूबाई याविषयी काही बोलल्या नाहीत. पण परवा टाकी बदलली, तेव्हा त्याच दारावर खाली एक नवी तारीख दिसली.

आमच्या गावात 'पेंटर' हा शब्द आदराने उच्चारला जातो. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून असे नाव काढले, की त्यांचे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच नाव झाले. आनंदराव 1916 साली गेले. बाबूराव पेंटरांनी 1920 मध्ये 'सैरंध्री' आणि 1925 मध्ये 'सावकारी पाश' हे चित्रपट काढून कोल्हापूरचे नाव देशभर नेले. अशा गावात, रंगाच्या हाताला दाम देताना आपण खळखळ करावी, हे शोभत नाही. मामांचा मुलगा या धंद्यात आला नाही. तो प्लायच्या दुकानात नोकरीला आहे. "त्येला बी दोष न्हाई," मामा म्हणतात, "लोक रंगाचं पैसं देत्यात, घासायचं देत न्हाईत." घासणाऱ्याला दाम मिळाला नाही, तर उद्या घासणाराच मिळणार नाही, आणि मग धडधाकट कपाटेसुद्धा मोडावीच लागतील.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तोवर फराळाचे डबे भरत आले असतील. यंदा कपाटांकडे पाहून जीव टाकू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या, समोर रांगोळी काढा, आणि पाहुण्यांना पोटभर खाऊ घाला. पुढचे कोरडे दिवस रंगाला फार चांगले, आणि रंगाऱ्यालाही तेव्हा उसंत असते. त्याला बोलवाल, तेव्हा रंग कोणता हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवा. आधी विचारा, घासायला किती दिवस घेणार? जो जास्त दिवस सांगेल, त्यालाच काम द्या.

ही दिवाळी आपणा सर्वांना सुखाची जावो.